एसव्हीजी चित्रातील ग्रेडियंटचे रंग स्टाइलशीटमधून बदलताना: वरुडच्या संत्र्याचे उदाहरण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वरुड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळासाठी आपण इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये संत्र्याचे एसव्हीजी चित्र (आकृत्यांचे वर्णन मजकुरात लिहून ठेवणारी फाइल) काढले असून त्याच्या सालीला गोलाकार ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्या रंगात जाणारा उतार, दिला आहे. हेच चित्र एका पानावर तीन ठिकाणी हवे आहे: हिरवे, रंग फिरू लागलेले आणि पूर्ण रंगलेले. तीन वेगवेगळ्या फाइली न करता रंग स्टाइलशीटमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांच्या यादीतून, बदलावेत, अशी आपली इच्छा आहे. आपण स्टाइलशीटमध्ये स्टॉपचे, म्हणजे ग्रेडियंटमध्ये रंग नेमून दिलेल्या टप्प्यांचे, रंग लिहिले, तेव्हा काहीच बदलले नाही. मग चित्रातले मूळ फिल (आकृतीत भरायचा रंग) काढून त्याजागी सीएसएसचे रेडियल-ग्रेडियंट लिहिले, तेव्हा संत्रा काळा झाला. त्यानंतर व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) वापरून पाहिले, तेव्हा रंग बदलला खरा, पण तिन्ही संत्रे एकाच रंगाचे दिसू लागले. शिवाय त्याच पानावरील ठिबकच्या नळीची आडवी रेघ ग्रेडियंट देताच दिसेनाशी झाली.

या चारही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत आणि आपण ती एकाच दोषाची रूपे समजत असल्यामुळे उपाय हाती लागत नाही, असे मला वाटते. प्रॉपर्टींची (स्टाइलशीटमधून ठरणाऱ्या गुणांची) आणि एलिमेंटची (फाइलमधील घटकांची) नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टंकायची आहेत.

काळ्या संत्र्याचे कारण सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी सांगतो. एसव्हीजीची पहिली अधिकृत आवृत्ती २००१ मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात ग्रेडियंट हा स्वतंत्र एलिमेंट आहे. त्याला आयडी द्यायचा, त्याच्या पोटात स्टॉप लिहायचे आणि आकृतीच्या फिलमधून त्या आयडीकडे यूआरएलने बोट दाखवायचे, अशी ती रचना आहे. सीएसएसमधील लिनिअर-ग्रेडियंट आणि रेडियल-ग्रेडियंट ही फंक्शने बऱ्याच वर्षांनी आली आणि ती ‘प्रतिमा’ या प्रकारात मोडतात; म्हणजे बॅकग्राउंड-इमेजसारख्या ठिकाणी ती चालतात. फिल या प्रॉपर्टीला मात्र प्रतिमा नको असते. तिला साधा रंग, ‘नन’ हा शब्द किंवा ग्रेडियंट अथवा पॅटर्नचा पत्ता लागतो. त्यामुळे आपण लिहिलेली ओळ ब्राउझरने अवैध म्हणून टाकून दिली आणि मूळ फिल आपण आधीच काढले असल्यामुळे फिलचे स्वाभाविक मूल्य, म्हणजे काळा रंग, लागू झाले. फिलमध्ये प्रतिमा स्वीकारण्याची तरतूद करणारा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, परंतु प्रचलित ब्राउझरांनी ती तरतूद उचललेली नाही. म्हणून तो मार्ग सोडून द्यावा.

आता स्टाइलशीटच्या आवाक्यात नेमके काय येते ते पाहू. स्टॉपच्या बाबतीत ‘स्टॉप-कलर’ आणि ‘स्टॉप-ओपॅसिटी’ या दोन खऱ्या सीएसएस प्रॉपर्टी आहेत, त्यामुळे त्या क्लास (एलिमेंटला दिलेले गटाचे नाव), मीडिया क्वेरी (पडदा की कागद अशी अट), व्हेरिएबल आणि ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) या सर्वांना प्रतिसाद देतात. स्टॉप कोठे बसेल हे सांगणारा ‘ऑफसेट’ हा मात्र केवळ अॅट्रिब्यूट (फाइलमध्ये एलिमेंटवरच लिहिलेले मूल्य) आहे; तो स्टाइलशीटमधून हलत नाही. ग्रेडियंटचे केंद्र, त्रिज्या आणि एकके यांचेही तसेच. येथे एक फसवी गोष्ट आहे. एसव्हीजीच्या दुसऱ्या आवृत्तीत सीएक्स, सीवाय (केंद्र) आणि आर (त्रिज्या) यांना सीएसएस प्रॉपर्टीचा दर्जा मिळाला असे आपल्या वाचनात येईल आणि ते खरेही आहे, पण तो दर्जा वर्तुळ आणि लंबवर्तुळ या आकृत्यांपुरता आहे; रेडियल ग्रेडियंटच्या त्याच नावांच्या अॅट्रिब्यूटना तो लागू नाही. रंग जिथे बदलतो ती जागा सरकवायची असेल, तर ठरावीक अंतरांवर चार-पाच स्टॉप आधीच पेरून ठेवावेत आणि स्टाइलशीटमधून त्यांचे फक्त रंग बदलावेत. उजेडाची जागा सरकल्याचा भास त्यातून पुरेसा साधतो.

मग स्टॉपचा रंग बदलता येत असताना आपला नियम निष्फळ का ठरला? त्याचे उत्तर इंकस्केपच्या लेखनपद्धतीत आहे. स्टॉपचा रंग दोन प्रकारे लिहिता येतो: ‘स्टॉप-कलर’ या अॅट्रिब्यूटमध्ये किंवा ‘स्टाइल’ या अॅट्रिब्यूटच्या आत. पहिला प्रकार अग्रक्रमात सर्वांत खाली असतो. स्टाइलशीटमधील कोणताही नियम, अगदी क्लास नसलेला साधा नियमसुद्धा, त्याच्यावर मात करतो. दुसरा प्रकार म्हणजे इनलाइन स्टाइल, आणि ती स्टाइलशीटच्या सर्व साध्या नियमांवर मात करते. इंकस्केप स्टॉपचे रंग इनलाइन स्टाइलमध्ये लिहितो. ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून जतन केल्याने इंकस्केपची खासगी माहिती निघून जाते, पण या इनलाइन स्टाइली तशाच राहतात. ‘इम्पॉर्टंट’ हा अग्रक्रम देणारा शब्द लावून नियम रेटता येतो. मी तसे करत नाही, कारण पुढे प्रत्येक बदलाला तोच शब्द लावावा लागतो. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून स्टॉपमधील स्टाइल काढावी, तोच रंग स्टॉप-कलर या अॅट्रिब्यूटमध्ये लिहावा आणि प्रत्येक स्टॉपला एक क्लास द्यावा. अॅट्रिब्यूटमधील रंग ठेवण्याचे कारण पुढे येईल.

इंकस्केपची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी. तो पुष्कळदा एका दिसणाऱ्या ग्रेडियंटसाठी दोन एलिमेंट लिहितो: एकात केवळ स्टॉप असतात, तर दुसऱ्यात केंद्र आणि त्रिज्या असते आणि तो एचरेफ या दुव्याने पहिल्याकडे बोट दाखवतो. आकृतीच्या फिलमध्ये दुसऱ्याचा आयडी असतो. तो आयडी सिलेक्टरमध्ये घेऊन त्याच्या पोटातले स्टॉप शोधले, तर तेथे एकही स्टॉप नसतो आणि नियम हवेत राहतो.

चित्र पानात कसे आणले आहे, हेही तपासावे. इमेज टॅगमधून आणलेले एसव्हीजी ही बंद कुपी आहे: त्या फाइलच्या आत लिहिलेली स्टाइल चालते, पानाची स्टाइलशीट आत पोहोचत नाही. आपल्या व्हेरिएबलने रंग बदलला, त्यावरून आपले चित्र पानातच थेट लिहिलेले आहे असे दिसते, म्हणून या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही.

तिन्ही संत्रे एकाच रंगाचे का झाले, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. आपण बहुधा असे गृहीत धरले की, संत्र्याच्या आकृतीवर व्हेरिएबलचे मूल्य ठेवले की तिने वापरलेला ग्रेडियंट ते मूल्य उचलेल. तसे घडत नाही. सालदार वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबतो, पण वारसा त्याला स्वतःच्या घरचाच मिळतो. ग्रेडियंटचेही तसेच आहे. स्टॉपला व्हेरिएबलची मूल्ये आणि ‘करंटकलर’चा, म्हणजे ‘कलर’ या प्रॉपर्टीतून येणारा, रंग हे दोन्ही स्वतःच्या पूर्वजांकडून मिळतात: ज्या ग्रेडियंटच्या पोटात तो आहे तो ग्रेडियंट, त्याच्या बाहेरचा डेफ्स (न दिसणाऱ्या व्याख्यांचा एलिमेंट), त्याच्या बाहेरचा एसव्हीजी आणि मग पानाची बॉडी. फिलमधून बोट दाखवणारी आकृती या वंशावळीत कोठेच येत नाही. आपण तीन आकृत्यांवर तीन मूल्ये ठेवली, ती स्टॉपपर्यंत पोहोचली नाहीत. डेफ्सच्या बाहेर, वरच्या पातळीवर जे एक मूल्य होते तेच एका ग्रेडियंटला मिळाले आणि तो एकच ग्रेडियंट तिन्ही संत्र्यांनी वापरला. हे नीट ध्यानात आले की पुढची रचना आपोआप सुचते: ज्या ठिकाणाहून रंगाचे नियंत्रण हवे आहे, त्या ठिकाणाच्या आत ग्रेडियंट असला पाहिजे.

हे दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक संत्र्याचे एसव्हीजी स्वतंत्र ठेवून ग्रेडियंट त्याच्या आत लिहिणे आणि व्हेरिएबल त्या एसव्हीजीवर ठेवणे. यात आयडी वेगवेगळे असणे अनिवार्य आहे. एका पानावर एकच आयडी तीनदा आला, तर तिन्ही फिल पहिल्या ग्रेडियंटकडे जातात आणि आपण पुन्हा एकरंगी संत्र्यांवर येतो. तयार चिन्हांच्या फाइली पानात चिकटवताना हा घोळ नेहमी होतो, कारण निर्यात करणारी साधने ‘ए’, ‘बी’ अशी त्रोटक नावे सर्रास देतात.

दुसरा प्रकार मला अधिक पसंत आहे. संत्रा ‘सिम्बॉल’ या साच्यात एकदाच काढावा आणि ‘यूज’ या प्रत काढणाऱ्या एलिमेंटने तीनदा वापरावा. सालीच्या आकृतीला ठरावीक फिल न देता फिलचे मूल्य म्हणून एक व्हेरिएबल लिहावे, समजा ‘--साल’, आणि प्रत्येक यूजवर त्या व्हेरिएबलमध्ये त्या-त्या ग्रेडियंटचा संपूर्ण यूआरएल ठेवावा. यूजच्या आतील प्रतीला यूजवरचे वारसामूल्य मिळते, म्हणून येथे व्हेरिएबल बरोबर पोहोचते. संपूर्ण यूआरएल असे म्हणण्याचे कारण असे की, यूआरएलच्या कंसात व्हेरिएबल घालून आयडीचा तुकडा जोडता येत नाही. पान, देठ यांची फिल आकृतीतच लिहिलेली असल्यामुळे ती बदलत नाहीत. ग्रेडियंट तीन लागतात, परंतु केंद्र आणि त्रिज्या तीनदा लिहावी लागत नाही: एका मूळ ग्रेडियंटमध्ये केवळ केंद्र आणि त्रिज्या लिहावी, बाकीच्या तिघांनी एचरेफने त्याच्याकडे बोट दाखवावे आणि आपापले स्टॉप स्वतःच्या पोटात ठेवावेत. जे अॅट्रिब्यूट स्वतःवर नाही ते मूळ ग्रेडियंटकडून घेतले जाते, असा नियम आहे. इंकस्केपच्या रचनेची ही उलटी बाजू आहे. तेथे स्टॉप सामाईक असतात, येथे आकार सामाईक आहे.

व्हेरिएबलला ‘--साल’ असे नाव मी केवळ समजावण्यासाठी दिलेले नाही. सीएसएसमध्ये क्लासची आणि व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असली म्हणजे झाले. कंपनीतील ज्या मंडळींना पुढे रंग बदलायचे आहेत, त्यांना ‘--उजेड’ आणि ‘--सावली’ ही नावे इंग्रजी नावांपेक्षा लवकर कळतील. आकडे मात्र रोमनच लिहावेत, देवनागरी अंकांतील मूल्य अवैध ठरते. आणि आयडी साध्या रोमन अक्षरांत ठेवावेत, कारण ते यूआरएलमध्ये जातात आणि काही साधने तेथे अडखळतात.

सर्व ग्रेडियंट एका वेगळ्या, न दिसणाऱ्या एसव्हीजीत ठेवणार असाल, तर त्याला ‘डिस्प्ले नन’ देऊ नये. काही ब्राउझरांत त्यामुळे ग्रेडियंटच सापडत नाही आणि आकृती रिकामी दिसते. रुंदी आणि उंची शून्य ठेवून पोझिशन अॅब्सोल्यूट दिली की काम होते.

हे सर्व सांगितल्यावर माझे स्पष्ट मत असे की, आपल्या कामासाठी रंगीत ग्रेडियंट तीनदा लिहिण्याची गरजच बहुधा नाही. संत्र्याच्या सालीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत: फळाचा रंग आणि त्याच्यावर पडलेला उजेड. त्या वेगळ्या कराव्यात. खाली सपाट रंगाचे वर्तुळ ठेवावे, त्याचे फिल करंटकलर असावे. त्याच्यावर त्याच मापाचे दुसरे वर्तुळ ठेवून त्याला पारदर्शक ग्रेडियंट द्यावा, ज्यात उजेडाच्या बाजूला पांढरट आणि कडेला गडद तपकिरी छटा असेल. मग ग्रेडियंट एकच राहतो, तो कधी बदलत नाही, आणि फळाचा रंग प्रत्येक यूजवर ‘कलर’ या एका प्रॉपर्टीने ठरतो. वारशाचा प्रश्नच उरत नाही, कारण बदलणारा रंग ग्रेडियंटमध्ये नसून आकृतीतच आहे. छटेसाठी काळा रंग वापरला तर फळ धुरकट दिसते, म्हणून तपकिरी म्हटले.

या पद्धतीत एक बारकावा पाळावा लागतो. पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे जाताना दुसऱ्या स्टॉपला ‘ट्रान्सपरंट’ हा शब्द देऊ नये. त्या शब्दाचा अर्थ पारदर्शक काळा असा आहे, आणि एसव्हीजीचे ग्रेडियंट रंग आणि पारदर्शकता स्वतंत्रपणे मोजत असल्यामुळे मधल्या पट्ट्यात राखाडी वलय उमटते. सीएसएसचे ग्रेडियंट हे गणित वेगळ्या रीतीने करतात, म्हणून तेथे हे वलय दिसत नाही आणि सवयीने येथे फसायला होते. दोन्ही स्टॉपना पांढराच रंग द्यावा आणि दुसऱ्याची स्टॉप-ओपॅसिटी शून्य करावी.

मधल्या अवस्थेतील संत्रा मात्र सपाट रंगाने साधत नाही, कारण त्याच्या एका अंगाला हिरवा आणि दुसऱ्या अंगाला नारिंगी रंग असतो. येथे खरा दोनरंगी ग्रेडियंट लागतो, आणि येथेच बहुतेक चित्रे मळकट होतात. समजा हिरवा रंग ५६, ११८, २९ आणि नारिंगी रंग २४०, १३०, २० असा घेतला. ब्राउझर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही अंशांची सरळ सरासरी काढत जातो, त्यामुळे नेमक्या मध्यावर जवळपास १४८, १२४, २५ हा शेवाळलेला तपकिरी रंग येतो. बागेतला संत्रा असा कधी दिसत नाही. हिरव्याकडून नारिंगीकडे जाताना तो पोपटी आणि पिवळा होतो. सीएसएसच्या ग्रेडियंटमध्ये आता कोणत्या रंगपद्धतीने मिश्रण करावे हे सांगता येते, एसव्हीजीत तशी सोय वापरण्याजोगी नाही. म्हणून मध्ये एक पिवळसर स्टॉप, उदाहरणार्थ २१०, १९०, ४० या मूल्यांचा, हाताने घालावा. एकाऐवजी दोन मधले स्टॉप घातले तर उतार आणखी स्वच्छ दिसतो.

पहिल्या चित्राखाली आपण ‘कच्चा’ असे लिहिणार असल्याचे दिसते, तेवढे बदलावे. आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा) माल ऑक्टोबरच्या सुमारास येतो, तेव्हा रात्री पुरेशा गार नसतात आणि सालीचा रंग फिरण्यासाठी गारवा लागतो. त्यामुळे आतून गोड झालेला संत्रा बाहेरून हिरवट असू शकतो. मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तो थंडीतून गेल्यामुळे चांगला रंगतो. हिरव्या चित्राखाली ‘कच्चा’ असे लिहिले, तर वरुड-मोर्शीकडचा कोणताही बागायतदार त्याला हसेल आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळेल. ‘रंग न फिरलेला’ असे लिहावे.

बोट ठेवताच संत्रा हळूहळू रंगावा, अशी हौस असेल तर स्टॉपवर स्टॉप-कलरचे ट्रान्झिशन लिहावे. फिल एका यूआरएलवरून दुसऱ्या यूआरएलवर नेले तर बदल झटक्यात होतो, हळूहळू होत नाही. साध्या मोबाइलवर पान जड करण्याइतके ते मोलाचे आहे असे मला वाटत नाही.

छपाईचा विचार मात्र अवश्य करावा, कारण हे पान कोणीतरी छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार आणि ती प्रत काळीपांढरी असणार. पानाची पार्श्वभूमी ब्राउझर छापताना सहसा वगळतो, एसव्हीजीचे फिल मात्र छापले जाते. राखाडी छटांत कोणता हिरवा आणि कोणता नारिंगी हे ओळखता येत नाही. प्रिंटच्या मीडिया क्वेरीमध्ये वरच्या छटेचे वर्तुळ लपवावे, तिन्ही फळांना फिकट, मध्यम आणि गडद असे स्पष्ट वेगळे सपाट रंग द्यावेत आणि नावे फळाखाली अक्षरांत असू द्यावीत.

ठिबकच्या नळीची रेघ नाहीशी होण्याचे कारण रंगात नाही, मापात आहे. ग्रेडियंटची एकके सांगितली नाहीत तर तो आकृतीच्या चौकटीच्या प्रमाणात पसरतो, आणि ही चौकट मोजताना स्ट्रोकची (रेघेची) जाडी धरली जात नाही. अगदी आडव्या रेघेच्या चौकटीची उंची त्यामुळे शून्य भरते, आणि अशा वेळी ग्रेडियंट लागू करू नये असे नियमच सांगतो. ग्रेडियंटयुनिट्सला ‘यूजरस्पेसऑनयूज’ (userSpaceOnUse) हे मूल्य द्यावे आणि सुरुवातीचे व शेवटचे बिंदू चित्राच्या मापात लिहावेत. हे अॅट्रिब्यूटच असल्यामुळे फाइलमध्येच लिहावे लागेल. शिवाय स्ट्रोकमध्ये यूआरएलच्या पुढे एक साधा रंग लिहून ठेवावा, म्हणजे ग्रेडियंट लागू झाला नाही तरी रेघ त्या रंगाने उमटते.

अॅट्रिब्यूटमधील रंग ठेवावेत असे वर म्हटले, त्याचे कारण फ्लेक्स छापणारे दुकान. हीच फाइल हंगामाच्या फलकासाठी तालुक्याच्या ठिकाणी जाणार, आणि तेथील चित्रकलेच्या साधनांना सीएसएसचे व्हेरिएबल समजेलच असे नाही. न समजणारी ओळ ते साधन टाकून देते आणि अॅट्रिब्यूटमधील रंगावर येते. अॅट्रिब्यूट नसेल तर स्टॉप काळा होतो. ब्राउझरचे वागणे येथे वेगळे आहे. व्हेरिएबल समजले पण त्याचे मूल्य कोठेच ठेवलेले नसेल, तर ब्राउझर अॅट्रिब्यूटकडे परत जात नाही, तो थेट काळ्यावर येतो. म्हणून व्हेरिएबलच्या कंसात स्वल्पविरामानंतर पर्यायी रंगही लिहावा. यूज आणि व्हेरिएबल यांच्या आधारे उभे केलेले चित्र छपाईला देण्यापूर्वी ते पान ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून जतन करावे आणि फ्लेक्सवाल्याला तीच पीडीएफ द्यावी. पीडीएफमध्ये रंग ठरून गेलेले असतात आणि साध्या फिल-ग्रेडियंटच्या रेषा सहसा वेक्टरच राहतात, त्यामुळे मोठ्या आकारातही कडा फाटत नाहीत. पारदर्शक छटेच्या भागाचे मात्र काही साधने बिंदूचित्र करतात, म्हणून पीडीएफ चांगली मोठी करून ती कड एकदा डोळ्यांखालून घालावी.